अब्बांना विचारायचं होतं

सोलापूर
२१ जानेवारी २०२४

अतीक,

सलाम. माझा फोन तू उचलत नाहीस. शेजारणीच्या नंबरवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून पत्र लिहिते. वेळापूर काही परदेशात नाही, सकाळच्या एसटीनं निघालं तर माणूस दुपारच्या जेवणाला तुझ्या दारात पोचतो. पण अब्बांना सोडून निघता येत नाही, आणि खरं सांगायचं तर धीरही होत नाही. उर्दूत लिहिलं असतं तर माझा हात भराभर चालला असता. पण तू मराठी शाळेतला, उर्दू वाचायचा तुला कंटाळा. कंटाळ्याचं निमित्त करून तू पत्र बाजूला टाकशील.

अब्बांची जखम भरली. टाके काढले. साखरही आता बरी आहे.

डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी तू दवाखान्यात आलास, अब्बांच्या पायावरची चादर उचललीस आणि मला म्हणालास, "माझ्या बापाला लंगडं केलंस." तेवढंच बोलून जिना उतरलास. त्याआधी काय झालं ते तुला कुणी सांगितलंच नाही. ते मी सांगते.

विसरण्याचा आजार वाढत चालला होता हे तुला माहीत आहे. एमआयडीसीतल्या कामगाराची सायकल खोलून ठेवली आणि परत जोडता येईना, तेव्हाच आपण दुकान बंद केलं होतं. पण त्या आजारानं माणूस दुखणंही विसरतो हे मला कळलं नव्हतं. चपलेनं अंगठा घासला होता. दुखलं की ते "हाय अल्ला" म्हणायचे, मी "काय झालं" विचारेपर्यंत विसरलेले असायचे. मोजे घातलेले, थंडीचे दिवस. वास यायला लागला तेव्हा मी मोजा काढला.

सर्जन म्हणाले, विष वर चढतंय, पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, तोही आजच. मी तुला फोन केला. तू म्हणालास, "निघालोच आहे. अब्बांना विचार. मी येईपर्यंत थांब."

मी विचारलं, अतीक. पण कसं विचारलं ते ऐक. शेजारच्या खाटेवर एकाचं ड्रेसिंग चाललं होतं, तो ओरडत होता. मी अब्बांच्या डोक्याशी उभी, त्यांना माझं तोंडसुद्धा दिसत नव्हतं. कानाशी वाकून एका दमात म्हटलं, "अब्बा, पाय सडलाय, डॉक्टर कापायचं म्हणतात, नाही कापला तर जिवाला धोका आहे, कापू द्यायचा ना?"

ते म्हणाले, "नक्को."

मी तेच परत म्हटलं, जरा मोठ्यानं. आणि "ना" वर जोर देऊन.

मग म्हणाले, "हौ."

नर्सनं ऐकलं, मी सही केली. थोड्या वेळानं नर्सनं त्यांना विचारलं, "बाबा, थंडी वाजते का?" "हौ." "मग पंखा लावू का?" "हौ." ती आणि मी, दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

तू वाटेत होतास. तुझ्यासाठी थांबले असते तर काय झालं असतं, मला माहीत नाही. सर्जन थांबू नका म्हणत होते. आणि तू पोचायच्या आत अब्बांना काही झालं तर तू मला जन्मभर बोलशील, ही भीतीही माझ्या सहीत होती. बघ, तरी बोललासच.

पत्राचं उत्तर नाही दिलंस तरी अब्बांसाठी एकदा फोन कर. मी उचलून त्यांच्या कानाला लावीन, मधे बोलणार नाही.

फिरदोस आपा

*

१८ फेब्रुवारी २०२४

अतीक,

फोन आला नाही. पत्र पोचलं असेल असं धरून पुढचं लिहिते.

मला वाटलं होतं, पाय गेल्याचं दुःख माणूस एकदा करतो, मग सवय होते. अब्बांचं तसं होत नाही. ते रोज सकाळी दोन पायांचे उठतात. चादर सारून पाय खाली टाकतात आणि कलंडतात. पहिल्यांदा पडले तेव्हा मी खरं सांगितलं, "अब्बा, पाय कापलाय, आठवत नाही का?" त्यांनी खाली बघितलं, आणि कुणाच्या मौतीची खबर आल्यासारखे रडले. नाष्टा होईपर्यंत विसरले. दुसऱ्या दिवशी परत तेच. बापाला रोज उठून तीच बातमी द्यायची म्हणजे काय, तुला कसं सांगू.

मग मी खोटं बोलायला लागले. "पट्टी बांधलीय अब्बा, बरं होतंय." ते हातानं चाचपून बघायचे आणि माझ्याकडे संशयानं बघायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, तुम्ही कोण? माझ्या मुलीला बोलवा, ती मास्तरीण आहे, ती खोटं बोलत नाही." मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

शाळेत जाताना त्यांना वीरभद्रप्पा काकांच्या हवाली करून जाते. आपल्या दुकानाशेजारचे चहावाले. त्यांचा गाडा सकाळच्या पाळीपुरता चालतो, दुपारी ते मोकळे असतात. दोघं गप्प बसून राहतात. काका मला म्हणतात, "तू जा गं पोरी शाळंला, हितं मी हाय की. आमाला बोलायला काय लागतंय?"

आता घरी एक डॉक्टर यायला लागल्यात, दिपाली मॅडम. अशा आजारी माणसांना घरी येऊन बघतात. वयानं माझ्यापेक्षा लहान आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी अब्बांना तपासलंच नाही. खुर्ची ओढून त्यांच्या समोर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बसल्या. नाव सांगितलं. एक छोटा प्रश्न विचारला आणि गप्प बसल्या. इतका वेळ गप्प, की मलाच राहवेना. मी अब्बांच्या वतीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं. आणि अब्बांनी उत्तर दिलं, अतीक. पूर्ण वाक्य. म्हणाले, "रात्री पायाची बोटं खाजतात. पण खाजवायला गेलं की बोटं सापडत नाहीत."

जाताना मॅडम म्हणाल्या, "त्यांना उत्तर देता येतं. त्याला वेळ लागतो. आपण त्या वेळात दुसरा प्रश्न विचारतो."

आणि म्हणाल्या, ते पाय शोधतात तेव्हा खरं-खोटं करत बसू नका, त्यांच्या मनात काय चाललंय ते विचारा.

परवा सकाळी मी तसं केलं. खाटेसमोर जमिनीवर बसले. ते चाचपत होते. मी विचारलं, "अब्बा, काय वाटतंय?" आणि थांबले. बाहेर कचऱ्याची गाडी येऊन गेली तरी थांबले.

ते म्हणाले, "पाँव गया." आवाज शांत होता. मग म्हणाले, "जाने दो. पन पूछना तो था ना मेरेकू."

पाय गेला तो गेला, पण मला विचारायचं तरी होतं. एवढंच म्हणणं होतं त्यांचं. मी म्हटलं, "हौ अब्बा, पूछना था." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी त्यांची मुलगी म्हणून ठेवला की रडणारी कुणी परकी बाई म्हणून, ते मला माहीत नाही.

आपा

*

१४ एप्रिल २०२४

अतीक,

ईदलाही आला नाहीस. शिरखुर्मा केला होता. अब्बांनी वाटी हातात घेऊन विचारलं, "आज कुणाचं लग्न आहे?"

आता मन घट्ट करून वाच. दुसऱ्या पायाची बोटं काळी पडलीत.

या वेळी मोजे घालू दिले नव्हते, रोज तळवा बघत होते, तेल लावत होते. तरीही. सर्जन म्हणतात, पायाला रक्तच पोचत नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. या वेळी मांडीतून काढावा लागेल म्हणतात. अब्बांचं हृदय आता थकलंय, टेबलावर काहीही होऊ शकतं असंही म्हणाले.

दिपाली मॅडमनी दुसरा रस्ता सांगितला. ऑपरेशन न करता घरीच ठेवायचं. दुखण्यावर जोरदार औषध द्यायचं, जखम स्वच्छ ठेवायची, वास येऊ द्यायचा नाही, घाबरू द्यायचं नाही. मी विचारलं, "किती दिवस?" त्या म्हणाल्या, "काही आठवडे. जास्तही असेल, कमीही." आणि म्हणाल्या, "हे मी तुम्हाला सांगतेय, पण आधी त्यांना विचारू."

मला हसू आलं. मी म्हटलं, ज्यांना स्वतःच्या मुलीचं नाव आठवत नाही, त्यांना हे विचारायचं? त्या म्हणाल्या, "नाव आठवत नसेल. काय नको ते कळत असेल. एका दिवसाच्या उत्तरावर जाऊ नका. परत परत विचारा, सकाळी, शांत असताना. उत्तर तेच येतंय का बघा."

मी तसं केलं. समोर बसून, त्यांच्या पायाला हात लावून, आपल्या बोलीत. काय उत्तर आलं ते मी लिहीत नाही. लिहिलं तर तू म्हणशील, आपानं परत आपल्याला हवं तेच त्यांच्या तोंडून काढलं. तुझं म्हणणं खोटंही नाही, एकदा मी ते केलंय.

आणखी एक विचारलं होतं, "अब्बा, कुठं जायचंय?" ते म्हणाले, "दुकानात." तर काल रिक्षा केली. वीरभद्रप्पा काकांनी त्यांना उचलून दुकानाच्या फळीवर बसवलं. दुकान आता दुसऱ्यानं घेतलंय, माणूस चांगला आहे, त्यानं काम थांबवून जागा दिली. पाळी सुटली तसे अक्कलकोट रोडनं सायकली, मोटारसायकली सुरू झाल्या. जुन्या लोकांनी ओळखलं. एक जण उतरून आला, "पीरसाब चाचा, कसं हाय?" अब्बांनी त्याला ओळखलं नाही. पण त्याच्या सायकलचं टायर अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाले, "हवा मारून जा." तो माणूस तोंड फिरवून पंपापाशी गेला.

मी एकटीनं ठरवणार नाही. भांडायला ये, पण ये.

आपा

*

२२ एप्रिल २०२४

अतीक,

चार महिन्यांनी तुझा आवाज ऐकला आणि आपण दोघंही ओरडलो. शेजारी दार उघडून बघायला लागले. फोनवर मला सुचत नाही, म्हणून परत लिहिते.

तू म्हणालास, ऑपरेशन करा, मुंबईला न्या, पुण्याला न्या, काहीही करा पण अब्बांना जगवा. डिसेंबरात पाय कापला म्हणून तूच मला बोलला होतास. मी तुला ते ऐकवलं, ते चुकलं. फोन ठेवल्यावर अब्बांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले तेव्हा कळलं, तू पायासाठी भांडत नव्हतास. डिसेंबरात रागानं गेलास तो परत आला नाहीस, आणि आता तुला वेळ हवाय. सर्जनच्या हातून तू वेळ मागतोयस. मीही तेव्हा तेच मागितलं होतं. मला मिळाला. तो वेळ कसा होता ते मी तुला दोन पत्रांत लिहिलं.

तू म्हणालास, "आपा, तू त्यांना मारायला निघालीस." हे वाक्य मी विसरायचा प्रयत्न करीन. तूही कर.

माझं एकच म्हणणं आहे. तू ये आणि तुझ्या तोंडानं विचार. समोर बस. छोटं वाक्य. मग गप्प राहा. ते जे म्हणतील ते मी मान्य करीन. ऑपरेशन म्हणाले तर मी स्वतः रिक्षा बोलवीन.

आपा

*

९ जून २०२४

अतीक,

तू गेल्यापासून घर फार मोठं झालंय. अब्बांची खाट मी अजून हलवलेली नाही. वीरभद्रप्पा काका दुपारचे येतात, दारात उभे राहतात, "काय बी लागलं तर सांग गं," म्हणतात आणि जातात. आत येत नाहीत.

ज्या दिवशी तू आलास त्या दिवसाबद्दल आपण दोघं एकदाही बोललो नाही. मी दाराशी उभी होते, तू मला बघितलं नसशील. तू त्यांच्या समोर जमिनीवर बसलास, अगदी मी लिहिलं होतं तसा. मला वाटलं होतं, तू "अब्बा, मी अतीक" म्हणशील. तू म्हणालास नाही. बरं केलंस. तू विचारलंस, "चाचा, पाय फार दुखतो का?" ते म्हणाले, "हौ." तू थांबलास. मग म्हणालास, "डॉक्टर कापायचा म्हणतात. कापू या?"

अब्बा कितीतरी वेळ खिडकीकडे बघत होते. मग ते म्हणाले, "नक्को. एक काटे सो बस हुआ. मैं घरीच रहता."

एक कापला तेवढा पुरे, मला त्यांनी सकाळी सकाळी दिलेलं उत्तर हेच होतं. शब्द वेगळे असायचे, कधी "बस हुआ", कधी नुसता हात हलवायचे. पण हेच.

तू तरी सोडलं नाहीस. म्हणालास, "चाचा, तुमचा मुलगा म्हणतोय ऑपरेशन करा."

आणि ते हसले. किती दिवसांनी हसले. तुझ्याकडे वाकून, आतली गोष्ट सांगावी तसं हळू म्हणाले, "मेरा बेटा छोटा है अभी. उसकू नक्को बोलो. डरता उनो."

तू उठून बाहेर गेलास. पायरीवर बसलास. मी पाणी घेऊन आले तर तू न बघता तांब्या घेतलास आणि म्हणालास, "ठीक आहे." एवढंच. त्या दोन शब्दांसाठी तुला काय किंमत पडली ते मी पाहिलंय. मॅडमना मी फोन केला तेव्हा तू माझ्या शेजारी बसून होतास. पुष्कळ वर्षांनी आपण दोघं एका पायरीवर बसलो.

मग तू राहिलास, त्यांना आंघोळ घातलीस, दाढी केलीस. ते तुला शेवटपर्यंत "भाई" म्हणत राहिले. गॅरेजचं काम दुसऱ्याकडे सोपवून येतो म्हणून तू वेळापूरला गेलास, आणि त्याच दुपारी ते गेले. मी तुला जाऊ दिलं. त्या सकाळी ते चहा प्याले होते, मला वाटलं, अजून दिवस आहेत. मॅडम म्हणाल्या होत्या, कधीही होऊ शकतं. तू गेटपाशी चप्पल घालत होतास तेव्हा ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. तुझ्या गाडीची वेळ झाली होती म्हणून बोलले नाही. नेहमीसारखीच घाई.

दफन करून कबरस्तानाच्या दारात आलास, मी तिथंच थांबले होते, तेव्हा तू मला विचारलंस, "शेवटी माझं नाव घेतलं?" आणि मी म्हटलं, "हो. दोनदा."

अतीक, त्यांनी नाव घेतलं नाही.

त्या दारात लोक उभे होते, तुझे हात मातीचे होते, माझ्या तोंडून ते निघून गेलं. पण तू सरळ विचारलं होतंस, आणि सरळ विचारलेल्याचं खरं उत्तर द्यायचं असतं, एवढं तरी या वर्षानं मला शिकवायला हवं होतं. म्हणून हे पत्र. तुला राग येईल. आलेला चालेल.

दुसरंही एक सांगते, त्याचं उत्तर मला देता येत नाही. डिसेंबरात पाय कापला ते बरोबर की चूक? मॅडमना मी विचारलं. त्या म्हणाल्या, नसता कापला तर बहुतेक तेव्हाच गेले असते. म्हणजे मधले महिने त्या सहीनं मिळाले. त्यात दुकानातली ती संध्याकाळ आहे, तू केलेली दाढी आहे. आणि त्यातच त्या सगळ्या सकाळी आहेत. मी बेरीज करायला बसते आणि सोडून देते. पाय राहिला असता की गेला असता, ते अल्लाला माहीत. पण त्यांच्या समोर बसून, थांबून, विचारता आलं असतं. ते माझ्या हातात होतं.

आता शेवटची दुपार. तू नव्हतास, म्हणून तुझ्या हक्काची आहे.

ऊन फार होतं. खिडकीला ओला टॉवेल लावला होता. औषधानं दुखत नव्हतं, चेहरा मोकळा होता. श्वास मधे मधे थांबत होता. मी मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, मी निघते, तुम्ही त्यांच्याजवळ राहा. मी उगीचच धावपळ करत होते, उशी सरळ कर, ओठ ओले कर, टॉवेल परत भिजवून आण. त्यांनी डोळे उघडले. मी जमिनीवर बसले, समोर, आणि विचारलं, "अब्बा, क्या होना?" काय हवंय?

थांबले. या वेळी मला थांबायचा त्रास झाला नाही.

ते म्हणाले, "कुछ नक्को. बैठ यहाँ."

कुणाला म्हणाले, मला माहीत नाही. मला, तुला, अम्मीला, की त्या रोजच्या अनोळखी बाईला. मी टॉवेल खाली ठेवला आणि बसले.

तुझी
फिरदोस आपा